अर्थशास्त्रज्ञ भीमराव रामजी आंबेडकर
डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल, १८९१ - ६ डिसेंबर, १९५६) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित व समाजसुधारक होते. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (१९२३) या ग्रंथात त्यांनी सुवर्ण विनिमय पद्धतीचे समर्थक जॉन मेनार्ड केन्स यांचे मत खोडून काढले. टीका तिखट असली, तरी तिचा रोख व्यक्तीवर नसून युक्तिवादावर होता. सरकारच्या मर्जीने चलन वाढल्यास रुपयाची क्रयशक्ती घटते, हे त्यांनी किमतींच्या आकडेवारीने दाखवले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना ग्रंथातील अनेक मुद्दे मान्य नव्हते. तरीही त्यांनी प्रस्तावना लिहिली. तीत मतभेद नोंदवून मांडणीच्या ताजेपणाची प्रशंसा केली. १९२५ मध्ये आंबेडकरांनी हिल्टन यंग आयोगापुढे चलनविषयक साक्ष दिली.