चार माणसांसमोर बोलायला लाजणारा मुरुडचा धोंडू दारोदार वर्गणी मागायला कसा शिकला?

फोन वाजला की पोटात गोळा येतो. मीटिंगमध्ये आपलं नाव पुकारलं की घसा कोरडा पडतो. लग्नाला जायचं म्हटलं तरी आदल्या रात्री झोप उडते, आणि मग काहीतरी कारण सांगून आपण जातच नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे ओळखीचं वाटेल. आजच्या भाषेत याला सोशल एन्झायटी म्हणतात. पण ही काही मोबाईलसोबत आलेली भानगड नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरुड गावात दीडशे वर्षांपूर्वी एक पोरगा असाच होता. त्याचं नाव धोंडो केशव कर्वे.

हो, तेच महर्षी कर्वे.

जन्म 18 एप्रिल 1858 चा, आजोळी शेरवलीला. बालपण गेलं मुरुडला. घरची परिस्थिती बेताची. पोरगा हुशार, पण कमालीचा लाजाळू. अनोळखी माणसासमोर तोंड उघडायचं म्हणजे त्याला संकट. मोठेपणी ‘आत्मवृत्त’ लिहिताना त्यांनी आपल्या या स्वभावाबद्दल आडपडदा ठेवला नाही.

आता त्यांना आजार होता असं इथे म्हणायचं नाही. लाजाळूपणा हा स्वभाव आहे. त्या भीतीपायी शाळा, नोकरी, नाती अडायला लागली आणि ते महिनोन् महिने चालू राहिलं, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. पण दोन्हीकडे भीती वाढण्याची रीत सारखीच असते.

ती रीत अशी. लोकांसमोर जायचं म्हटलं की छाती धडधडते. आपण जाणं टाळतो. लगेच हायसं वाटतं. गोम इथेच आहे. त्या हायसं वाटण्यातून मेंदू शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते. म्हणून आजचे मानसोपचारतज्ज्ञ उलटा रस्ता सांगतात. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे थोडं थोडं, ठरवून, पुन्हा पुन्हा जायचं.

धोंडूला हे कुणी शास्त्र म्हणून शिकवलं नाही. पण त्याला सोमण गुरुजी भेटले. गुरुजींनी त्याच्यावर एक काम टाकलं. गावातल्या दुर्गादेवीच्या देवळात बसून लोकांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं. म्हणजे बघा, शब्द दुसऱ्याचे, नजर कागदावर, समोर माणसं गावातलीच. लाजऱ्या पोरासाठी याहून सोपी पहिली पायरी मला तरी सुचत नाही.

मग आला साताऱ्याचा किस्सा.

सरकारी परीक्षा द्यायची होती. सप्टेंबरचे दिवस, समुद्र खवळलेला, मुंबईला जायला बोट मिळेना. साताऱ्यालाही केंद्र होतं. धोंडू आणि त्याचे सोबती चालत निघाले. शंभर मैलांहून जास्त वाट, वरून पाऊस आणि मध्ये सह्याद्रीचा घाट. कसेबसे वेळेत पोचले. तिथल्या साहेबांनी धोंडूकडे पाहिलं आणि सांगितलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. परीक्षेला बसूच दिलं नाही.

लाजाळू माणसाला जी भीती असते, की लोक आपल्याकडे बघतील आणि नापास करतील, ती इथे शब्दशः खरी झाली. दुसरा कुणी असता तर पुन्हा परीक्षेचं नाव काढलं नसतं. धोंडूने नंतर तीच परीक्षा दिली आणि पास झाला. पुढे 1881 ला मॅट्रिक, 1884 ला गणित घेऊन बी.ए., आणि 1891 ला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक.

गणित शिकवून शांत आयुष्य काढता आलं असतं. पण 1891 मध्येच पहिली पत्नी राधाबाई गेल्या. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं कर्व्यांनी ठरवलं. 11 मार्च 1893 ला त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. पुढे त्यांचं नाव आनंदीबाई झालं, सगळे त्यांना बाया म्हणत.

मुरुडने बहिष्कार टाकला. घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर त्यांनाही वाळीत टाकणार, असा धाक. ज्या गावात देवळात बसून पेपर वाचला, त्याच गावात आता आईजवळ जेवायला बसायची चोरी. चार लोक काय म्हणतील या भीतीचं हे टोक म्हणायला हवं.

कर्वे भांडत बसले नाहीत आणि लपलेही नाहीत. 1896 ला त्यांनी विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. 1900 मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. कॉलेज संपलं की ते हिंगण्याची वाट पायी तुडवायचे. आणि सुट्ट्या लागल्या की गावोगाव वर्गणी गोळा करायला निघायचे.

वर्गणी मागणं म्हणजे काय, हे गणपतीत ज्यांनी पावतीपुस्तक धरलंय त्यांना विचारा. दार वाजवायचं, ओळख सांगायची, नकार ऐकायचा, पुढचं दार. विधवांच्या शिक्षणासाठी मागायचं म्हणजे शिव्यांचीही तयारी हवी. कर्वे फर्डे वक्ते कधीच झाले नाहीत. लाजाळूपणा पूर्ण गेला असंही नाही. पण समोरचा आपल्याकडे कसा बघतोय यापेक्षा आश्रमातल्या मुलींचा महिन्याचा खर्च डोक्यात असला, की लक्ष स्वतःवरून हटतं. तज्ज्ञही हेच सांगतात, भीतीच्या क्षणी नजर आतून बाहेर वळवा.

पण सगळ्यांना हे एकट्याने जमत नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही. धडधड, घाम, टाळाटाळ यामुळे रोजची कामं अडत असतील तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, 14416, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. फोनचीच भीती वाटत असेल तर घरातल्या कुणाला लावायला सांगा. रत्नागिरीकरांसाठी शहरातच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ते 1886 पासूनचं, म्हणजे कर्वे तरुण होते तेव्हाचं. तिथे जाताना लोक बघतील ही धास्ती आजही अनेकांना असते, हे मात्र खरं.

1916 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं, तेच आजचं एसएनडीटी. 1929 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते परदेशात निघाले. युरोप, अमेरिका, जपान असं फिरून परक्या लोकांसमोर उभं राहून त्यांनी विद्यापीठाबद्दल भाषणं दिली.

1958 ला, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. त्याच वर्षी टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. 9 नोव्हेंबर 1962 ला ते गेले तेव्हा त्यांचं वय 104 होतं. मुरुडला गेलात तर गावात त्यांचा पुतळा दिसेल.