एक्कावन्नाव्या वर्षी बी.ए. झालेल्या अनुताई

बाईची पन्नाशी जवळ आली की घरात काय आणि कामावर काय, एकच ऐकायला मिळतं. आता या वयात नवीन काय शिकायचं? जमतं तेवढं करा आणि दिवस काढा. पण पद्मश्री अनुताई वाघ बी.ए.ची परीक्षा पास झाल्या त्या १९६१ साली, वयाच्या ५१व्या वर्षी. तेही नोकरी सोडून, निवांत घरी बसून नव्हे, तर डहाणूच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुलांची बालवाडी चालवता चालवता!

मैत्रिणींनो, आज गावोगावी, वाडीवस्तीवर अंगणवाडी आहे. तिथल्या ताईला आपण रोज बघतो. ही अंगणवाडी ज्यांच्या कामातून उभी राहिली, त्या दोघींपैकी एक म्हणजे अनुताई. दुसऱ्या ताराबाई मोडक, अनुताईंच्या गुरू.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांतच वैधव्य आलं. तेव्हा अशा मुलीचं आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच संपायचं. अनुताईंनी मात्र पुस्तक हातातून सोडलं नाही. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, १९२९ साली पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं केलं आणि नोकरीला लागल्या. पहिली नोकरी चांदवडला. आपल्या वैजापूरहून येवला, मनमाड ओलांडलं की चांदवड येतं. म्हणजे तशा त्या आपल्या शेजारीच होत्या की!

पुढे त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागल्या. शहर, नावाजलेली शाळा, महिन्याचा पगार. एकट्या बाईला आणखी काय हवं? पण अनुताईंची मॅट्रिक राहिली होती. त्यांनी रात्रशाळेत नाव घातलं. दिवसभर फळ्यासमोर उभं राहून मुलींना शिकवायचं आणि रात्री स्वतः बाकावर बसून शिकायचं. १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. काम करता करता शिकायचं, ही सवय तेव्हापासून लागली ती कायमची.

१९४५ साली मुंबईजवळ बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर भरलं होतं. तिथे अनुताईंची ताराबाईंशी गाठ पडली. ताराबाईंचं तेव्हा केवढं नाव होतं! १९१४ सालच्या पदवीधर, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढणाऱ्या. पण शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतं बालशिक्षण राहू नये, ते खेड्यात गरिबाच्या मुलाला मिळावं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यासाठी वयाच्या ५३व्या वर्षी त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी निघाल्या होत्या. त्यांना सोबतीण हवी होती. पस्तिशीच्या अनुताई पुण्याची नोकरी सोडून त्यांच्याबरोबर गेल्या.

विचार करा, सोळा वर्षं शिकवण्याचा अनुभव असलेली बाई. पण लहान मुलांचं शिक्षण हा विषय अनुताईंना नवा होता. मोठ्या वर्गांना शिकवणं वेगळं आणि तीन वर्षांच्या, शेंबूड गळणाऱ्या, अनोळखी माणूस दिसला की पळून जाणाऱ्या पोराला हाताशी घेणं वेगळं. म्हणजे पुन्हा पहिलीपासून सुरुवात. ताराबाईंचंही तेच. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं त्या खेड्यात कुठून आणायची? मग शंख-शिंपले, खडे, बिया, झाडांची पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीवर, त्यांच्या अंगणात गेली. तीच ही अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर पोचलं.

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. ताराबाई आणि अनुताई १९४५ पासून ताराबाई १९७३ साली जाईपर्यंत, अठ्ठावीस वर्षं बरोबर राहिल्या. वयानं मोठी, नावानं मोठी बाई प्रमुख होती. पण शिकणं दोघींचंही चालू होतं. ज्या ठिकाणी प्रमुखच नवीन काही शिकत असते, तिथे हाताखालच्या बाईला आपल्याला येत नाही याची लाज वाटत नाही. अनुताईंनी त्या वयात पदवीचा अभ्यास केला, त्यामागे अशी कामाची जागा होती.

१९५७च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आता हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. वारली मुलांची अडचण आणखी वेगळी होती. मोठी पोरं गुरं राखायला जायची आणि त्यांच्या धाकट्या बहिणी कडेवर भावंडं घेऊन घरी राहायच्या. मग शाळेत कोण येणार? अनुताई आणि ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. तान्हं बाळ पाळणाघरात ठेवलं की ताई शाळेत बसायला मोकळी! गुराख्यांसाठी तर शाळाच चराऊ रानात नेली, ती कुरणशाळा. शिकणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत, त्याची अडचण शोधायची आणि ती दूर करायची, ही त्यांची रीत होती.

बालसेविका तयार करतानाही अनुताईंची हीच रीत राहिली. ताराबाईंनंतर सगळी जबाबदारी त्यांच्यावर आली, ती त्यांनी समर्थपणे पेलली. १९८२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्रा. रमेश पानसे यांच्यासोबत त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था सुरू केली. १९८५ साली पद्मश्री मिळाली. सप्टेंबर १९९२ मध्ये त्या गेल्या.

आता आजचं बघू. अंगणवाडी सेविका होऊन पंचवीस-तीस वर्षं झालेल्या कितीतरी बायका आपल्या आसपास आहेत. गरोदर बाईची नोंद, बाळाचं वजन, पोषण आहार, लसीकरणाला बायकांना बोलावून आणणं, सगळं त्यांना तोंडपाठ. पण २०२१ साली पोषण ट्रॅकर आला. जे वहीत लिहायचं ते मोबाईलवर भरायचं. त्यात सुरुवातीला भाषा इंग्रजी आणि दिलेले मोबाईल जुने, सारखे अडकणारे. त्या वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सेविकांनी ते मोबाईल परत केले. हा काही कामचुकारपणा नव्हता. शिकायला त्या तयार होत्या, पण शिकता येईल असं काही हातात तर द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढे ट्रॅकर मराठीत आला, तेव्हा पुष्कळ सोपं झालं.

तरीही पन्नाशीच्या ताईला अक्षर बारीक दिसतं, बोट भलतीकडेच पडतं, माहिती पुसली जाते. मग ती गपचूप मुलीकडून किंवा सुनेकडून भरून घेते आणि बैठकीत मान खाली घालून बसते. तीस वर्षं गावाची बाळं सांभाळलेल्या बाईला आपण निकामी झालो असं वाटावं, हे बरोबर आहे का?

खरं तर उपाय साधेच आहेत. एका सभागृहात शंभर जणींना बसवून, पडद्यावर भराभर दाखवून प्रशिक्षण उरकू नये. आठ-दहा जणींना घेऊन, मोबाईल प्रत्येकीच्या हातात देऊन, दोन-तीनदा तेच तेच करून घ्यावं. नव्या सेविकेची आणि जुन्या सेविकेची जोडी लावावी. नवीनं मोबाईल शिकवावा. जुनीनं रुसलेल्या पोराला कसं बोलतं करायचं आणि रागावलेल्या सासूला कसं समजवायचं, ते शिकवावं. दोघींचाही मान राहतो. वर्षातून एकदा डोळे, साखर, रक्तदाब तपासावा, गुडघे दुखणारीला बसायला खुर्ची द्यावी. कामाच्या जागी तब्येतच सांभाळली नाही तर डोक्यात काय शिरणार?

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यांचं काम हे नोकरीसारखंच काम आहे, हे त्यातून मान्य झालं. मग नोकरदाराला जसं शिकण्यासाठी वेळ आणि सोय मिळते, तशी त्यांनाही मिळायला नको का?

आणि हे फक्त अंगणवाडीपुरतं नाही बरं का. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी, पतसंस्थेत वर्षानुवर्षं हिशेब लिहिणाऱ्या ताई, दवाखान्यातल्या आया, सगळ्यांच्याच पुढ्यात आता काही ना काही नवीन येऊन पडलं आहे.

आपण काय करू शकतो? आपल्या गल्लीतली अंगणवाडीची ताई मोबाईल घेऊन दारात आली, तर दहा मिनिटं तिच्याजवळ बसू या. माहिती भरून देऊ नका, तिच्याच बोटानं भरू द्या. चुकली तर हसू नका. घरात आई किंवा सासू नवीन काही शिकायला बसली, तर चहाचं आधण तेवढं आपण ठेवू या. ५१व्या वर्षी अनुताई शिकल्या, मग आपल्या वैजापूरच्या ताई का नाही शिकणार?