ताराबाई शिंदे : जातिसमूह आणि स्त्रीत्वाची जाणीव

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे (सुमारे १८५०-१९१०) यांचे नाव 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) या एकाच ग्रंथामुळे मराठी वाङ्मयेतिहासात स्थिर झाले. त्यांचे घराणे प्रतिष्ठित मराठा. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे ते सभासद होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला होता. नव्या राजवटीची कचेरी, ब्राह्मणेतर चळवळीचा विचार आणि मराठा कुळाचार या तिन्हींचा प्रभाव या घरावर होता. बापूजींनी मुलीला मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. ताराबाईंचे पती घरजावई म्हणून राहिले. त्यांना अपत्य झाले नाही.

१८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील ओलपाड येथील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अपत्याच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने 'पुणे वैभव' पत्राने समस्त स्त्रीवर्गाच्या नीतीवर टीका केली. ताराबाईंनी या टीकेस उत्तर म्हणून आपला ग्रंथ लिहिला व पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात तो छापला गेला.

येथे एक बाब लक्षणीय आहे. ज्या विधवेची बाजू ताराबाईंनी घेतली ती परप्रांतीय व परजातीय होती. तत्कालीन वादविवादात विधवाविवाहाचा प्रश्न प्रायः ब्राह्मण समाजाचा मानला जाई. परंतु पुनर्विवाहाची बंदी वरिष्ठ मराठा कुळांनीही प्रतिष्ठेचे लक्षण म्हणून स्वीकारली होती. त्यामुळे स्वजातीला दोषमुक्त ठेवून परजातीवर टीका करण्याची सोय ताराबाईंनी घेतली नाही. पोथीपुराणांतील देवादिकांपासून 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या कादंबऱ्यांपर्यंत स्त्रीस्वभावाचे जे चित्र रंगविले गेले, त्याची त्यांनी झडती घेतली आणि स्त्रियांवर लादलेले दुर्गुण पुरुषांच्या ठायी अधिक असल्याचे दाखविले. जातीजातींत विभागलेल्या समाजात 'स्त्री' हा स्वतंत्र दुःखसमूह म्हणून मांडण्याचे कार्य त्यांनी केले.

ग्रंथावर सत्यशोधक वर्तुळातूनही टीका झाली. जोतीरावांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांचे समर्थन केले. ज्या चळवळीने जातिवर्चस्वाला आव्हान दिले, तिच्यातील पुरुषांनाही स्वतःच्या घरातील वर्चस्वाची चिकित्सा सहज मानवली नाही, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

यानंतर ताराबाईंचा दुसरा ग्रंथ प्रकाशित झाला नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' पुनःप्रकाशित केली. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. बहुविध समाजात समूहाची अस्मिता जपताना त्या समूहातील दुर्बळांचा आवाज दडपला जातो काय, हा ताराबाईंच्या चरित्रातून उभा राहणारा प्रश्न होय. आपल्या समूहाचा त्याग न करता त्याच्या दोषांची जाहीर चिकित्सा करणे शक्य आहे, हे त्यांनी वऱ्हाडातील एका जिल्ह्याच्या गावी राहून सिद्ध केले.