रेव्हरंड ना. वा. टिळक : सामीप्याचा शोध

आधुनिक मराठी कवितेचा अभ्यास करताना रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची आपल्याला बहुधा दोन प्रकारे ओळख होते. एक म्हणजे फुलामुलांचे कवी, आणि दुसरी म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधील तापट, उदार आणि कमालीचे लहरी गृहस्थ. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत. परंतु ज्या प्रश्नाने या माणसाला अखेरपर्यंत स्वस्थ बसू दिले नाही, तो प्रश्न या दोन्ही चित्रांच्या मागे राहून जातो. देवाजवळ पोहोचलेल्या माणसाने पुढे देवाजवळ राहायचे कसे, हा तो प्रश्न होय.

आपल्या भक्तिपरंपरेत सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा चार मुक्ती सांगितल्या आहेत. त्यांतील समीपता म्हणजे देवाच्या सन्निध वास. ख्रिस्ती धर्मविचारात या कल्पनेला योहानाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायाचा आधार आहे. तेथे येशू स्वतःला द्राक्षवेलीची आणि शिष्यांना तिच्या फांद्यांची उपमा देतो. फांदी वेलीला केवळ चिकटलेली नसते. वेलीचा रस तिच्यातून वाहतो, म्हणून ती जिवंत असते व तिला फळ येते. रस थांबला की ती वेलीवर असूनही वाळते. दोन्ही परंपरा अंगी मुरलेला मराठी कवी म्हणून टिळकांच्या मनात या कल्पनांची सांगड आपोआप पडली असावी, असे त्यांची अभंगरचना वाचताना वाटते.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी कोकणात करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव करारी व कठोर होते. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. आईचे छत्र लवकर हरपले, आणि पित्याशी त्यांचे सूत कधी जुळले नाही. पुढे नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका ही लग्नानंतर लक्ष्मी झाली. त्यानंतरची वर्षे भटकंतीची आहेत. कोठे शिक्षकी, कोठे कीर्तन-पुराण, कोठे संपादन. नोकरी टिकत नाही, पाय एका जागी ठरत नाही. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचे काम करीत असतानाही मनातील धर्मविषयक अस्वस्थता शमली नव्हती. जुन्या कर्मकांडावरचा विश्वास उडाला होता, जातिभेद सलत होता, आणि आपणच एखादा नवा धर्म मांडावा असाही विचार त्यांच्या मनात घोळत होता.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जात असताना आगगाडीत एका पाश्चात्त्य सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांना शुभवर्तमानाचे पुस्तक दिले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन वाचायला घेतले, तेव्हा ते हातातून सुटेना. वर्षानुवर्षे पडलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे सापडली. पुढील सुमारे दोन वर्षे मनातल्या मनात झगडा चालला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अनेक चरित्रे या प्रसंगाला कळस मानतात. टिळकांचे खरे चरित्र येथून सुरू होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. कारण ज्या दिवशी त्यांना देव जवळचा वाटला, त्या दिवसापासून त्यांची सर्वांत जवळची माणसे दूर गेली. पतीने धर्म सोडल्याच्या वार्तेने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहानगा दत्तू. जवळजवळ पाच वर्षे पती-पत्नींची ताटातूट झाली. टिळकांनी आपल्या निर्णयाची किंमत मोजली हे खरे. पण त्या किमतीचा मोठा वाटा, विचारले न जाता, त्यांच्या पत्नीला भरावा लागला, हे अभ्यासकाने नजरेआड करू नये. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला परतल्या, तेव्हा त्यांनी सोवळे-ओवळे सांभाळून वेगळे राहणे पसंत केले. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. घरगुती बाबतींत क्षणात संतापणारा हा माणूस श्रद्धेच्या बाबतीत थांबू शकला. 1900 साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. तेथे टिळकांनी धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले, 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. त्यांच्या घराचे दार सदैव उघडे असे. दुष्काळातील अनाथ मुले, आश्रयाला आलेले विद्यार्थी, होतकरू कवी यांची तेथे वर्दळ होती. बालकवी ठोमरे हेही त्या घरात राहून गेले. हातात आलेला पैसा गरजूला देऊन टाकावा आणि घरी परतल्यावर स्वयंपाकघरात काय आहे याची चौकशीही करू नये, हा टिळकांचा खाक्या होता. संसार सांभाळणाऱ्या व्यक्तीला हे औदार्य कसे जाचत असेल, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास सांगावयास नको.

या वर्षांत टिळकांना एक उणीव तीव्रतेने जाणवू लागली. मराठी ख्रिस्ती मनुष्य चर्चमध्ये बसत होता, पण त्याची प्रार्थना परक्या चालींवर, भाषांतरित शब्दांत होत होती. ज्या भाषेत माणूस रडत नाही, त्या भाषेत त्याला देवाशी बोलणे जड जाते. टिळकांनी कीर्तन, भजन, अभंग आणि ओवी ही आपली जुनी साधने उपासनेत आणली. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'उपासनासंगीता'त आजही त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत. संतांशी त्यांनी नाते तोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. 'अभंगांजली'मध्ये ख्रिस्त हा गुरू आहे आणि माउलीही आहे. वारकरी जसा विठ्ठलाला माउली म्हणून हाक मारतो, रुसतो, हट्ट धरतो, त्याच सलगीने टिळक ख्रिस्ताशी बोलतात. या रचनांत मतप्रतिपादन थोडे आणि विरहाची व भेटीची हुरहूर अधिक आहे. म्हणूनच त्यांना निव्वळ प्रचारकाव्य म्हणून बाजूला सारणारी समीक्षा एकांगी वाटते.

वाढत्या वयाबरोबर ही हुरहूर कमी व्हायला हवी होती, ती वाढली. पाळकपद होते, कवी म्हणून लौकिक होता, मिशनचा पगार नियमित मिळत होता, आणि याच सुरक्षिततेचा त्यांना अडथळा वाटू लागला. मिशनऱ्यांमध्ये त्यांचे जिवलग स्नेही होते, त्यामुळे येथे वैराचा प्रश्न नव्हता. परंतु ख्रिस्ताचा शिष्य पगारी नोकर दिसू लागला, तर लोक त्याच्या शब्दाला नोकरीचाच भाग समजणार, ही त्यांची खंत होती. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी तेथे बंधू म्हणून एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना होती. वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, घर-संसार असताना, हाती निश्चित उत्पन्न नसताना उचललेले हे पाऊल अव्यवहारी होते, यात शंका नाही. त्यातील धैर्यही तितकेच स्पष्ट आहे. ज्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी घरदार पणाला लावले होते, तोच त्यांनी दरबाराच्या दाराशी अट म्हणून ठेवला नाही. देवाशी असलेली जवळीक विधीने मोजता येत नाही, या निष्कर्षापर्यंत ते पोहोचले होते. आणि हा निष्कर्ष त्या काळातील चर्चला सहज पटणारा नव्हता.

दरबाराला पुरेसा काळ मात्र लाभला नाही. प्रकृती ढासळत गेली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

त्यांच्या मागे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे राहिले. फादर स्टीफन्सने 1616 मध्ये गोमंतकात छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'नंतर ख्रिस्तचरित्र ओवीत मांडण्याचा हा मोठा प्रयत्न होता, पण टिळकांच्या हातून त्याचे सुमारे दहाच अध्याय लिहून झाले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळखही त्यांना लग्नानंतर झाली होती. पतीच्या बाप्तिस्म्याच्या वार्तेने जिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले होते, त्याच स्त्रीने त्याचे हे काम हाती घेतले आणि 1936 मध्ये स्वतःचा मृत्यू होण्यापूर्वी ते पूर्ण केले.