नित्याच्या संसारातील प्रतिभा : लक्ष्मीबाई टिळक

रायपूर शहराला लागून उरला नावाची औद्योगिक वसाहत आहे. लोखंडाच्या भट्ट्या, रोलिंग मिली, अवजड मालमोटारींची वर्दळ, आणि कारखान्यातील पाळीप्रमाणे ज्यांचा दिवस उजाडतो व मावळतो अशी घरे. रायपूरच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा ठिकाणी संसार करणाऱ्या गृहिणीला कोणी प्रतिभेविषयी विचारले, तर ती बहुधा हसून विषय बदलील. काव्य, लेखन, कला ही निवांत, शिकलेल्या आणि पुण्यामुंबईकडच्या माणसांची कामे. आपल्या वाट्याला डबे, धुणी आणि मुलांचे अभ्यास, अशी तिची समजूत असते. ही समजूत किती खोटी आहे हे सांगायला फार दूर जावे लागत नाही.

उरल्याहून पश्चिमेला, नागपूरच्या लोहमार्गावर, राजनांदगाव लागते. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तेथे एक छोटे संस्थान होते आणि नारायण वामन टिळक यांनी काही काळ तेथे नोकरी केली होती. नागपूरहून राजनांदगावकडे जात असताना, १८९३ साली, आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थांशी त्यांचे बोलणे झाले आणि त्या गृहस्थांनी त्यांच्या हाती नवा करार ठेवला. या भेटीने टिळकांचे जीवन पालटले, ही हकिगत आपल्या मंडळ्यांतून अनेकदा सांगितली जाते. पण त्या संभाषणाने आणखी एका व्यक्तीचे जीवन मुळापासून ढवळून निघाले, आणि तिला त्यात कोणी काही विचारलेही नव्हते. ती व्यक्ती म्हणजे टिळकांची पत्नी लक्ष्मीबाई.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी, गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या बंडात फाशी गेले होते, आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाहेरून घरात येणारे धान्य तर राहोच, मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. धुतलेल्या मिठाचे काय होत असेल हे वाचकांना सांगावयास नको! अशा घरात मुलांना खेळीमेळीचे बालपण कोठून मिळणार? शाळा तर नव्हतीच. मात्र हे सारे पाहणारी ती लहान मुलगी पाहिलेले काही विसरत नव्हती. पुढे पन्नास-साठ वर्षांनी तिने त्या घराचे वर्णन केले तेव्हा त्यात कडवटपणा नव्हता. भीती होती आणि हसूही होते. ज्या गोष्टीने आयुष्य कोमेजावे तिच्यातूनच विनोद काढण्याची ही शक्ती त्यांना कोणत्याही पुस्तकाने दिली नव्हती.

१८८० साली, अकरा-बारा वर्षांच्या वयात, त्यांचा टिळकांशी विवाह झाला. टिळक कवी होते, विद्वान होते, दिलदार होते, आणि संसाराच्या दृष्टीने अत्यंत बेभरवशाचे होते. एका जागी टिकणे त्यांना माहीत नव्हते. हातातला पैसा दिसेल त्या गरजूला द्यावा आणि घरी आल्यावर चुलीवर काहीच कसे नाही म्हणून आश्चर्य करावे, असा त्यांचा स्वभाव. राग येई तसा जाईही लवकर. पत्नीला अक्षरओळख त्यांनीच करून दिली, हे त्यांचे मोठे उपकार; पण शिकवणी सलग चालेल एवढे स्वास्थ्य त्या घरात कधी नव्हते. लक्ष्मीबाईंचे लिहिणे शेवटपर्यंत कष्टाचेच राहिले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ती वाचक या दिवसाकडे आनंदाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु लक्ष्मीबाईंच्या बाजूने तो दिवस कसा होता, याचा विचार आपल्याकडे कमी झाला. पती जिवंत असून नाही, पदरी लहान मुलगा, आधार नातेवाइकांचा, आणि भोवती कुजबुज. सुमारे पाच वर्षे त्यांनी ही परीक्षा सोसली. याच काळात त्यांच्याकडून पद्ये रचली गेली. लिहिता धड येत नसलेली स्त्री मनातल्या मनात ओळी जुळवीत होती. त्या ओळी छापण्यासाठी नव्हत्या. दुःख असह्य झाले म्हणजे कोणी जात्यावर बसते, कोणी प्रार्थना करते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ते दुःख काव्य झाले.

पुढे त्या मुलाला घेऊन पतीकडे परत आल्या, पण धर्म सोडण्यासाठी नव्हे. आरंभी त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची. मग केव्हातरी, स्वतःच्या विचाराने, जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि ज्यांच्या वडिलांनी मीठ धुतले त्या बाई कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. १९०० साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्यापूर्वीच त्यांनी जात सोडली होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्यानंतरची वर्षे राहुरी आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे गेली. हे घर म्हणजे धर्मशाळाच होती. अनाथ मुले, विद्यार्थी, जिज्ञासू, कवी, आश्रित यांना त्याचे दार सदैव उघडे. तरुण बालकवी ठोमरे याच घरात मुलासारखे राहिले. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. त्या घरात कवी म्हणून मान होता तो टिळकांना, आणि त्यांच्यामागे बालकवींना. लक्ष्मीबाई त्या सर्वांच्या ताटात वाढीत होत्या. त्याही रचना करीत. त्यांच्या कविता पुढे ‘भरली घागर’ या नावाने संग्रहित झाल्या. तरीही एका छपराखाली एवढी मोठी प्रतिभा असताना दुसरीकडे कोणाचे लक्ष जावे कसे? यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. आपल्या घरांतूनही आजवर असेच होत आले आहे, एवढेच.

९ मे १९१९ रोजी टिळक प्रभूकडे गेले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. पतीच्या निधनानंतर उपजीविकेसाठी लक्ष्मीबाईंना मुंबईस मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम करावे लागले. भावंडे, नातवंडे, पोसलेली मुले यांची काळजी सुटली नव्हतीच. आणि अशा स्थितीत त्यांनी ते अपुरे महाकाव्य हाती घेतले. संस्कृत नाही, छंदशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास नाही, आणि मागे उभा आहे तो महाराष्ट्राने गौरविलेला कवी. दुसऱ्या कोणी धाडसच केले नसते. लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय रचले. काव्यगुणांच्या दृष्टीने टीकाकार त्यात डावेउजवे करू शकतील, आणि सगळेच अध्याय सारख्या उंचीचे नाहीत हे कबूल केले पाहिजे. पण ख्रिस्तचरित्र एका मराठी गृहिणीच्या नजरेतून उतरले ते प्रथम तेथेच.

‘स्मृतिचित्रे’ हा त्यांचा खरा चमत्कार. त्याचा आरंभ अगदी सामान्य कारणाने झाला. पुत्र देवदत्त हे वडिलांच्या चरित्रासाठी साहित्य जमवीत होते आणि त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. म्हणजे आई ही केवळ माहिती देणारी साक्षीदार! लक्ष्मीबाई साठी ओलांडलेल्या, प्रकृती बेताची, लेखणी हातात न रुळलेली. त्यांनी आठवेल तसे लिहिले आणि ‘संजीवनी’ साप्ताहिकातून ते प्रसिद्ध होऊ लागले. वाचकांच्या ध्यानात आले की हे टिळकांचे चरित्र तर आहेच, पण बोलते आहे ते दुसरेच कोणी. घरातली भांडणे, रिकामे डबे, प्रवासातली फजिती, मुलांचे आजार, मृत्यू, रुसवे, आणि ज्या गोष्टी आपण सांगण्यासारख्या समजत नाही अशा कितीतरी, त्यांनी जशाच्या तशा मांडल्या. भाषा माजघरातली. अलंकार नाही, स्वतःचे समर्थन नाही, पतीची पूजा नाही आणि निंदाही नाही.

लक्ष्मीबाई साध्याभोळ्या होत्या, त्यांना जे सुचले ते त्यांनी लिहिले, असे पुष्कळदा म्हटले जाते. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही. रडण्याच्या जागी हसू ठेवणे, आणि हसता हसता वाचकाच्या डोळ्यांत पाणी उभे करणे, हे भोळेपणाने साधत नाही. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसून माणसे पाहिलेली, त्यांची बोलण्याची ढब कानात साठविलेली आणि कोणती गोष्ट कोठे थांबवावी हे पक्के जाणणारी ती दृष्टी होती. कामातून वेळ मिळेल तेव्हा कला करू, असे त्या म्हणाल्या असत्या तर ती वेळ आलीच नसती. कारण काम कधी संपलेच नाही. त्यांच्या लेखनाचे सारे द्रव्य त्या कामातच होते.

१९३४ च्या अखेरीपासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने भागाभागांनी निघू लागली. शेवटचा, चौथा भाग १९३६ सालचा. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला लक्ष्मीबाई नाशिक येथे निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली प्रसिद्ध झाले. ते छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ‘स्मृतिचित्रां’चे इंग्रजी रूपांतर १९५० साली जोसेफीन इंक्स्टर यांनी केले, आणि २०१७ साली शांता गोखले यांचे नवे भाषांतर आले. वडिलांच्या चरित्रासाठी म्हणून ज्या आठवणी देवदत्तांनी मागितल्या होत्या, त्यांच्यातूनच आज टिळकांना ओळखणारे वाचक अधिक आहेत.