लस, विश्वास आणि वाल्डेमार हाफकिन

मुंबई-आग्रा महामार्गाखालचा बोगदा ओलांडला की नाशिकचे इंदिरानगर सुरू होते. नोकरदार, शिक्षक आणि निवृत्त मंडळी यांची ही वसाहत. मुलांचे शिक्षण हीच येथील बहुतेक घरांची खरी मिळकत. मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळांना कुलपे लागली, तेव्हा अशा वसाहतींना बसलेला धक्का केवळ आजाराचा नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग भरविण्यास राज्याने अनुमती दिली, त्यासाठी पालकांची लेखी संमती मागितली. पुढे दुसरी लाट आली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळा पुन्हा उघडल्या, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा मिटल्या आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेपासून पुन्हा उघडण्याची मुभा मिळाली. याच धांदलीत, ३ जानेवारीपासून, पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांचे लसीकरण सुरू झाले. पालकांच्या मनाची त्या दिवसांतील अवस्था मोठी चमत्कारिक होती. शाळा उघडावी ही घाई त्यांनाच होती आणि मुलाला सुई टोचू द्यावी की नाही हा संकोचही त्यांचाच होता.

या संकोचाला हसणे सोपे आहे. परंतु महाराष्ट्राने हाच संकोच सव्वाशे वर्षांपूर्वी अनुभवला आहे आणि त्याला सामोरे गेलेल्या माणसाचे नाव आजही राज्याच्या घराघरात ठाऊक आहे. पोलिओच्या थेंबांमुळे ते ठाऊक झाले. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईच्या हाफकिन महामंडळाला कोव्हॅक्सिन बनविण्यास मान्यता मिळाली तेव्हा ते पुन्हा वृत्तपत्रांत झळकले. संस्थेचे नाव सर्वांना माहीत. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो माणूस मात्र फारसा कोणाला माहीत नाही.

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन हे वैद्य नव्हते. १८६० साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या तरुणाने काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पेशींच्या प्रतिकारशक्तीचा शोध लावणारे इल्या मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू. १८८१ साली ओडेसात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या तेव्हा आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी हाफकिन उभे राहिले, जखमी झाले, पकडले गेले. गुरूंच्या रदबदलीने सुटले. ज्यू धर्म न सोडता विद्यापीठात वरची जागा मिळणे अशक्य होते आणि धर्म सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. काही वर्षे प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काढून ते जिनिव्हाला आणि तेथून १८८९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथेही प्रारंभी वाट्याला आले ते ग्रंथालयातील काम. दिवसा पुस्तके लावावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतू वाढवावेत, असा क्रम चालला.

त्यातून पटकीची लस निघाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, काही दिवसांत बरे वाटले. मग मित्रांची पाळी. या क्रमात पुढच्या साऱ्या आयुष्याचे सूत्र आहे. आधी आपण, मग आपले लोक आणि मग परके, तेही त्यांच्या राजीखुशीने.

पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन १८९३ साली कलकत्त्यास उतरले. तेथील गरीब वस्त्यांत परदेशी माणूस सुई घेऊन येतो म्हटल्यावर दगड पडले यात नवल नाही. त्यांनी पोलिसांचा आग्रह धरला नाही. स्थानिक डॉक्टरांना बरोबर घेतले आणि लोकांसमोर आधी सहकाऱ्यांनाच टोचून दाखविले. दोन-सव्वादोन वर्षांत देशभर हिंडून त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली, आणि हिवतापाने खंगून ते विलायतेस परतले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. तोवर हिंदुस्थानात परतलेले हाफकिन ऑक्टोबरात मुंबईला आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली आणि एक व्हरांडा, हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर प्लेगच्या लसीचे काम सुरू झाले. दोन साहाय्यकांनी काम सोडले, एकाचे मन खचले. हाफकिन रोज बारा-चौदा तास राबत राहिले.

बाहेर शहर रिकामे होत होते. निम्म्याच्या आसपास वस्ती गाव सोडून गेली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. इस्पितळात माणसांना उलटे टांगून त्यांची मोमियाई काढतात, ही वदंता तेव्हा लोकांच्या तोंडी होती. आज ती हास्यास्पद वाटते. मात्र ज्या सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला आणि त्याच्या बळावर घरात शिरून माणसे उचलून नेली, त्या सरकारच्या हातातील सुईबद्दल लोकांनी भलतेसलते कल्पावे हे अगदीच अकारण नव्हते. पुण्यात रँडसाहेबांच्या अमदानीत सोजिरांनी घरे झडली. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत झाला. (हाच कायदा २०२० साली देशाला पुन्हा वापरावा लागला.)

हाफकिन यांची वाट वेगळी होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नव्या लसीची नेहमीपेक्षा मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, गाठी दुखल्या, तरी ते काम करीत राहिले. नंतर महाविद्यालयातील अध्यापक पुढे आले. महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा जे बंदी आपण होऊन तयार झाले त्यांना, म्हणजे सुमारे निम्म्यांना, लस दिली गेली. लस घेतलेल्यांपैकी पुढे दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. न घेतलेल्यांपैकी बारा आजारी पडले, त्यांतील सहा दगावले. शहरात तरुण आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि त्यांच्या मागोमाग हजारो खोजा पुढे आले. सरकारी जाहिरनाम्याला जे साधले नसते ते एका उघड्या बाहीने साधले.

शिक्षकवर्गाने येथे क्षणभर थांबावे. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतल्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना रोग जडला. महाराष्ट्रातील मुलींची पहिली शिक्षिका ज्या रोगाने गेली त्याची लस मुंबईत तयार झालेली होती, पण अजून मोजक्या लोकांपलीकडे पोहोचली नव्हती.

नाशिक परिसरही या तडाख्यातून सुटला नाही. भगूरच्या सावरकर कुटुंबातील आई काही वर्षांपूर्वी पटकीने गेली होती. १८९९ साली वडील दामोदरपंत आणि चुलते प्लेगने गेले. हाफकिन यांनी ज्या दोन रोगांवर लसी काढल्या त्याच दोन रोगांनी एका घरातील मुले पोरकी झाली. त्या वर्षांत गावेच्या गावे शेतात झोपड्या बांधून राहत. गाव उठले की शाळाही उठे, आणि वर्गातील कोण परत येईल हे मास्तरांना सांगता येत नसे. शाळा बंद पडण्याचे हे संकट इंदिरानगराला नवे वाटले असेल. जिल्ह्याला ते नवे नव्हते.

लसीचा खरा कस १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंधेरा गावी लागला. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्यांना लस टोचायची आणि निम्म्यांना नाही, अशी योजना होती. घर एक, अन्न एक, उंदीरही तेच. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मृत्यू पावले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ मृत्यू पावले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसेल की नाही हा वेगळा प्रश्न. परंतु आकड्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. लस रोग पूर्णपणे थोपवीत नव्हती आणि मृत्यू मात्र फार मोठ्या प्रमाणात टाळीत होती. दोन मात्रा घेऊनही करोना झाला म्हणून २०२१ साली ज्यांनी लसीला नावे ठेवली त्यांच्या तक्रारीचे उत्तर उंधेऱ्याच्या या तक्त्यात होते.

लस सक्तीची नसावी हा हाफकिन यांचा कटाक्ष होता. तथापि सवलतीचे आमिष सरकारने ठेवले. टोचणीचा दाखला असला की अनेक ठिकाणी विलगीकरणाच्या छावणीतून सुटका होई. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रांचा दाखला दाखविणाऱ्यास मुंबईच्या लोकलची दारे उघडली, तो याच जातीचा उपाय. त्याने रांगा वाढतात. मनातील शंका मिटतेच असे नाही.

१८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटली गेली. त्यांचे नाव देशभर झाले होते. आणि मग मुल्कोवाल आले.

पंजाबात लसीची मोठी मोहीम चालू होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. बाकीच्या ८८ जणांना काहीही झाले नाही. बाटली परळहून गेलेली होती. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेवर भर दिला होता, एवढे कारण पुरे झाले. आयोग बसला, बाटली उघडण्यापूर्वीच दूषित होती असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट कागदोपत्री असूनही तिला हवे ते वजन मिळाले नाही. दोषी परळचा असणे साऱ्यांना सोयीचे होते. तो डॉक्टर नव्हता, इंग्रज नव्हता आणि ज्यू होता. सरकारी वैद्यकीय सेवेतील अनेकांना त्याचा उत्कर्ष आधीपासून खुपत होता.

मुल्कोवालच्या १९ कुटुंबांचे दुःख खरे होते आणि त्यांना सत्य कळण्याचा हक्क होता. त्यांना मिळाला तो एक बळीचा बकरा. लोकांनी मात्र त्यातून आपला अर्थ काढला. सरकारच ज्या लसीच्या कर्त्याला काढून टाकते ती लस घ्यावी कशी? पंजाबातील मोहीम ढासळली. १९०७ साली हिंदुस्थानात प्लेगने तेरा लाखांच्या आसपास माणसे मेली. साथीचे ते सर्वांत भीषण वर्ष ठरले. साऱ्या मृत्यूंचे खापर मुल्कोवालवर फोडणे न्याय्य नव्हे. पण त्या बाटलीच्या चौकशीत सत्य दडपले गेले नसते तर पंजाबात अधिक बाह्या उघडल्या असत्या, असे मानण्यास जागा आहे.

करोनाच्या काळात लसीच्या दुर्मिळ दुष्परिणामांची चर्चा कुजबुजीतच अधिक झाली. ते सांगितले तर लोक बिचकतील अशी भीती होती. शाळेत मुलांना लस देतानाही पालकांचा पहिला प्रश्न हाच असे, की काही झाले तर कोण सांगणार आणि कोण उत्तर देणार. हा अडाण्याचा प्रश्न नव्हता. ज्या शिक्षकांनी सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर फिरून लोकांचे ताप मोजले होते, त्यांना तो प्रश्न दारोदार ऐकावा लागला होता.

हाफकिन यांना न्याय मिळण्यास पाच वर्षे लागली. हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांच्यासह नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले आणि त्या वर्षअखेरीस सरकारने आरोप मागे घेतला. हाफकिन हिंदुस्थानात परतले, पण परळला नव्हे. कलकत्त्याला नेमणूक झाली, आणि ज्या कामाने त्यांचे नाव झाले ते लस बनविण्याचे काम पुन्हा त्यांच्याकडे आले नाही. निवृत्त होऊन ते युरोपात गेले. अविवाहित असलेल्या हाफकिन यांनी उरलेले आयुष्य बव्हंशी धर्माच्या चिंतनात घालविले आणि आपली मिळकत ज्यू धर्मशाळांतील शिक्षणासाठी ठेवली.

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाखांहून अधिक मात्रा बाहेर गेल्या. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते हयात होते. पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.