राणीसरकारांचा कुंभार

पायरोमीटर हा शब्द आपण सगळ्यांनीच कधी ना कधी व्हायव्हाच्या आदल्या रात्री पाठ केलेला आहे. भट्टीतलं प्रचंड तापमान मोजायचं साधन. एवढं सांगितलं की एक्स्टर्नल खूष! पण हे साधन बनवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी एक जण धंद्याने चक्क कुंभार होता, नवव्या वर्षी त्याची शाळा सुटली होती आणि त्याला एकच पाय होता, हे मला यंदाच कळलं. त्याचं नाव जोसाया वेजवुड. तंत्रज्ञ म्हणून तो मोठा होताच, पण मी त्याच्यावर लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. आज ज्याला आपण मार्केटिंग म्हणतो त्यातल्या बऱ्याचशा युक्त्या या माणसाने अडीचशे वर्षांपूर्वी करून दाखवल्या, आणि त्याही टीव्ही, रेडिओ काहीही नसताना. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मध्ये मध्ये इंग्रजी शब्द घुसणार. सांभाळून घ्या.)

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात बर्सलेम नावाचं कुंभारांचं गाव आहे. तिथे १७३० साली जोसाया जन्मला. भावंडांत सगळ्यात धाकटा. १७३९ मध्ये वडील गेले आणि हा पोरगा घरच्या चाकावर बसला. पुढे देवी आल्या. जीव वाचला, पण उजवा गुडघा कायमचा कमजोर झाला. तेव्हा कुंभाराचं चाक पायाने फिरवावं लागायचं. म्हणजे ज्या कामावर पोट, तेच करता येईना! दुसरा कोणी असता तर खचला असता. हा मात्र माती कशी कालवायची, झिलईत काय घालायचं, भट्टी किती तापवायची याच्या मागे लागला. थोरल्या भावाने भागीदारी नाकारली. मग १७५४ मध्ये थॉमस व्हिल्डन नावाच्या नावाजलेल्या कुंभाराबरोबर त्याने भागीदारी केली आणि त्याच काळात प्रयोगांची वही घातली. ही वही तो सांकेतिक आकड्यांमध्ये लिहायचा, शेजाऱ्याने फॉर्म्युला उचलू नये म्हणून. आपल्या जर्नल्सना अशी सोय असती तर कॉपी करणाऱ्यांचे काय हाल झाले असते!

१७५९ मध्ये त्याने भाड्याच्या जागेत स्वतःचं काम सुरू केलं. तेव्हा श्रीमंतांच्या घरी चीनहून आलेली पांढरीशुभ्र भांडी असायची आणि गरिबांकडे जाडीभरडी मातीची. मधल्या लोकांना परवडेल असं, हलकं, गुळगुळीत, सायीच्या रंगाचं भांडं बनवायचं हे त्याने मनावर घेतलं. असा माल इतर कुंभारही करत होते, पण त्याने रंग आणि झिलई इतकी सुधारली, की दर वेळी माल सारखाच निघू लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस कंट्रोल.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही हुशार कारागिराची असू शकते. पुढची मात्र नाही.

१७६५ साली राणी शार्लटसाठी चहाच्या सेटची ऑर्डर बर्सलेमला आली. सोन्याचं काम आणि उठावाची हिरवी फुलं असलेलं किचकट काम होतं, नफा दिसत नव्हता. बाकीच्या कुंभारांनी नको म्हटलं. वेजवुडने घेतलं. सेट पोचला, राणीला आवडला आणि पुढच्या वर्षी त्याला राणीसरकारांचा कुंभार म्हणवून घ्यायची परवानगी मिळाली. आता गंमत बघा. त्याने आपल्या सायीच्या रंगाच्या भांड्यांचं नावच बदलून क्वीन्स वेअर, म्हणजे राणीची भांडी, असं ठेवलं. माती तीच, भट्टी तीच! पण लंडनमधल्या वकिलाच्या किंवा दुकानदाराच्या बायकोला आता राणीच्या टेबलावरची बशी आपल्या टेबलावर मांडता येत होती. नाव बदलण्यात फसवणूक नव्हती, कारण राणीने भांडी खरंच घेतली होती. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

याच सुमाराला लिव्हरपूलचा थॉमस बेंटली हा व्यापारी त्याचा मित्र झाला, आणि तीही भेट पायामुळेच! १७६२ मध्ये प्रवासात पाय दुखावला म्हणून वेजवुड लिव्हरपूलला अडकून पडला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने ओळख करून दिली. बेंटली शिकलेला, भाषा येणारा, मोठ्या लोकांत वावरणारा होता. एकाने माल बनवायचा, दुसऱ्याने लंडन सांभाळायचं, अशी त्यांची वाटणी झाली. पाय मात्र बरा झालाच नाही. मे १७६८ मध्ये तो गुडघ्याच्या वर कापावा लागला. भूल देण्याचं तंत्र अजून यायचं होतं, फक्त अफूचा अर्क दिला होता. पुढे जन्मभर लाकडी पाय. त्याच्या घरात त्या दिवसाची आठवण दरवर्षी थट्टेने साजरी व्हायची म्हणे. काय माणसं असतात!

आता लंडनच्या शोरूमबद्दल. तेव्हाच्या दुकानात माल फडताळात रचलेला असायचा, गिऱ्हाईकाने मागितला की काढून दाखवायचा. वेजवुडने टेबलं मांडली, त्यांवर जेवणाचा पूर्ण सेट लावला, जणू आत्ता पाहुणे येणार आहेत. काही दिवसांनी मांडणी बदलायची, म्हणजे आलेल्या बायका पुन्हा येतील. आणि येताना मैत्रिणींना घेऊन येतील! आज मॉलमधल्या फर्निचरच्या दुकानात खोटी बेडरूम लावलेली असते ना, तेच हे.

त्याहून धाडसी प्रकार १७७१ मधला. जर्मनीतल्या उमराव घराण्यांना त्याने न मागता मालाची पार्सलं पाठवली, सुमारे हजार. सोबत बिल. पटलं तर पैसे द्या, नाही तर माल परत करा. एकेका पार्सलची किंमत २० पौंडांच्या आसपास होती, म्हणजे एकूण जवळजवळ २० हजार पौंड हवेत सोडल्यासारखे! बहुतेकांनी पैसे दिले. मला विचाराल तर हा निव्वळ जुगार होता. छोट्या धंदेवाल्याने याची नक्कल करू नये. तो तोपर्यंत छोटा राहिला नव्हता आणि तोटा झाला असता तरी बुडला नसता.

रशियाच्या कॅथरीन राणीची ऑर्डर हे त्याचं मला सगळ्यात आवडलेलं काम. १७७३ मध्ये तिने जेवणाचा आणि फळांचा मिळून प्रचंड सेट मागवला. एकूण ९५२ नग, आणि प्रत्येकावर इंग्लंड-स्कॉटलंडमधली वेगवेगळी खरी दृश्यं, किल्ले, बागा, वाडे, हाताने रंगवलेली. शिवाय प्रत्येक नगावर एक हिरवा बेडूक! कारण तो राजवाडा बेडकांच्या दलदलीवर बांधलेला होता. खर्च एवढा झाला, की हातात फारसं काही उरलं नाही. पण रशियाला पाठवण्याआधी वेजवुड आणि बेंटलीने १७७४ च्या उन्हाळ्यात ग्रीक स्ट्रीटवरच्या नव्या शोरूममध्ये सगळा सेट मांडून ठेवला, आणि बघायला तिकीट लावलं. ज्यांच्या ज्यांच्या वाड्याचं चित्र बशीवर होतं ते सगळे उमराव आपापला वाडा शोधायला आले. खुद्द राणी शार्लट आली. विक्रीचा माल होताच... एका ऑर्डरचा नफा गेला आणि सगळ्या लंडनला पत्ता कळला.

हे सगळं वाचताना मला सारखी आमच्या बाबांची आठवण येत होती. त्यांचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, जिने, शेड. बाबांचं वेल्डिंग असं, की ग्राइंडिंग केल्यावर जोड कुठे आहे ते सापडत नाही. पण त्यांचं एकच तत्त्व आहे: काम चांगलं असलं की गिऱ्हाईक आपोआप येतं. बोर्डाचा रंग उडालाय तो उडालाच आहे. गेल्या वर्षी जवळच दुसरं वर्कशॉप निघालं. पातळ पाइप वापरतात, पण झालेल्या कामांचे फोटो मोबाइलवरून सगळ्या सोसायट्यांना पाठवतात. यंदा दिवाळीआधीची दोन मोठी कामं तिकडे गेली. एका कामगाराला बाबांना कमी करावं लागलं, आणि तो माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे होता. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. कॅम्पसला सिलेक्शन झालं तर नोकरी घे, या लोखंडात पडू नकोस, असं घरात सगळे मला सांगतात. मुलगी असल्यामुळे जरा जास्तच सांगतात. मला मात्र पडायचंय.

म्हणून वेजवुड मला फक्त चरित्र म्हणून वाचता आला नाही. बाबांचं तत्त्व अर्धं बरोबर आहे, हे त्याच्याकडे बघून कळतं. माल चांगला नसता तर राणीने दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. पण बर्सलेममध्ये चांगला माल करणारे इतरही होते आणि त्यांची नावं आज तिथल्या म्युझियमबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाहीत. वेजवुडने आपल्या मालावर, ओल्या मातीतच, नाव ठोकायला सुरुवात केली. बहुतेक कुंभार तेव्हा असं करत नसत. मी बाबांना सुचवलं, की प्रत्येक गेटच्या कोपऱ्यात नाव आणि फोन नंबरची छोटी पट्टी वेल्ड करू या. त्यावर ते म्हणाले, की गेट लोकांचं आहे, आपली जाहिरातीची भिंत नाही. सध्या वाद चालू आहे. आईचं मत माझ्या बाजूने आहे.

वेजवुडची दुसरी युक्ती बाबांना लगेच पटली, कारण ती जाहिरात वाटतच नाही. माल पसंत नसेल तर परत घेऊन पैसे देऊ, अशी हमी तो द्यायचा. पोचवण्याचं भाडं स्वतः भरायचा आणि वाटेत फुटलेल्याची भरपाई द्यायचा. यात किती धोका होता ते कळायला तेव्हाचे रस्ते डोळ्यांसमोर आणा. खड्डे, चिखल, आणि घोड्यांच्या पाठीवर लादलेली भांडी! त्याने नुसती भरपाई दिली नाही, तर फुटण्याचं कारणच काढून टाकायचं ठरवलं. जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरच्या ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी त्याने पैसा उभा केला, तो कालव्याचा खजिनदार झाला, आणि जुलै १७६६ मध्ये पहिली कुदळ त्यानेच मारली. कालवा १७७७ मध्ये पुरा झाला. आपला नवा कारखाना, एट्रुरिया, त्याने बरोबर कालव्याच्या काठावर बांधला. नावेतून माती येणार, नावेतून भांडी जाणार. मार्केटिंग आणि सिव्हिल इंजिनिअरिंगचं असं लग्न मी दुसरं पाहिलेलं नाही.

किमतीतही तो पक्का होता. नवीन नमुना आधी महाग विकायचा, मोठ्या घरांत मिरवू द्यायचा, मग किंमत उतरवून मध्यम वर्गासाठी काढायचा. चित्रांसकट छापील कॅटलॉग, त्यांची फ्रेंच वगैरे भाषांतरं, फिरते विक्रेते, हे सगळं त्याने केलं.

त्याचं सगळंच मला आवडलं असं नाही. कारखान्यात घंटेवर हजेरी, उशिराला दंड, आणि एकाच कामगाराने आयुष्यभर एकच काम करायचं. खराब भांडं दिसलं की लाकडी पायानेच फोडायचा, अशी दंतकथा आहे. १७८३ मध्ये धान्याच्या महागाईमुळे एट्रुरियाजवळ दंगल झाली. त्यात लोकांनी कालव्यातली धान्याची नाव लुटली आणि पुढे एकाला फाशी झाली. वेजवुडची सहानुभूती दंगलखोरांच्या बाजूने नव्हती.

पायरोमीटर १७८२ मधला. पारा उकळतो ३५७ अंश सेल्सिअसला, भट्टी त्याच्या कितीतरी पुढे. मग त्याने मातीच्याच छोट्या गोट्या भट्टीत ठेवल्या आणि त्या किती आकसल्या ते पितळेच्या निमुळत्या खाचेत मोजलं. त्याचे आकडे फॅरनहाइटमध्ये बदलले की फार जास्त यायचे, हे नंतर सिद्ध झालं. पण आजची भट्टी कालच्याइतकीच तापली का, हे त्याला कळत होतं आणि त्याला तेवढंच हवं होतं. १७८३ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. नववी पास नव्हे, नऊ वर्षांचा असताना शाळा सुटलेला!

१७८७ मध्ये लंडनला गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती निघाली. वेजवुड तिच्यात सामील झाला. त्याच्या कारखान्यातल्या विल्यम हॅकवुडने बेड्या घातलेल्या, गुडघ्यावर बसून हात जोडणाऱ्या आफ्रिकन माणसाची छोटी मातीची चकती घडवली. पांढऱ्यावर काळी आकृती. ही चकती त्याने विकली नाही, स्वखर्चाने बनवून वाटली. काही अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनकडेही पाठवल्या. बायका ती बांगडीत बसवू लागल्या, केसांच्या पिनेत लावू लागल्या, आणि मतदानाचा हक्क नसलेल्या त्या बायका अंगावर आपलं मत घालून फिरू लागल्या. राणीच्या बशीची फॅशन ज्या माणसाला करता आली, त्याने तीच कला इथे वापरली. यात एक विसंगती आहे. त्याच्या सुंदर टीसेटमध्ये पडणारी साखर वेस्ट इंडिजमधल्या गुलामांच्या घामाची होती, आणि त्याची भांडी त्या बेटांवरही विकली जात होती. चकतीवरचा माणूसही उभा नाही, विनवणी करतोय, हा आक्षेप आजचे अभ्यासक घेतात आणि तो मला पटतो. तरी ज्या व्यापारावर आपल्या गिऱ्हाइकांपैकी कित्येक जण श्रीमंत झाले होते, त्याच्याविरुद्ध उघड उभं राहायला धंदेवाल्याला हिंमत लागते.

ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला. वेजवुड ते बघायला नव्हता. ३ जानेवारी १७९५ ला तो एट्रुरियात वारला. मागे सुमारे पाच लाख पौंडांची संपत्ती होती. त्याची कंपनी पुढे दोनशेहून जास्त वर्षं चालली, २००९ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि नाव मात्र नव्या मालकांकडे गेलं. मुलगी सुझाना हिचं लग्न रॉबर्ट डार्विन या डॉक्टरशी झालं. त्यांचा मुलगा चार्ल्स. त्यानेही वेजवुडांच्याच घरातली एमा केली, आणि दोन्हीकडच्या पैशामुळे त्याला कधी नोकरी शोधावी लागली नाही. तो घरी बसून शिंपले, कबुतरं आणि गांडुळं बघत राहिला.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)